'आम्ही'त कोण कोण

फळ्याशेजारच्या तक्त्याचा वरचा डावा कोपरा उन्हाने विटला होता. खिडकीतून ऊन रोज तेवढ्याच तिरक्या पट्ट्यात येई आणि तेवढाच भाग खाई. त्यामुळे देशाच्या घटनेची उद्देशिका 'आम्ही' या शब्दाऐवजी एका पिवळट डागाने सुरू होत होती. विज्ञानाच्या बाईंनी हे केव्हाच टिपलं होतं. नागरिकशास्त्राचे सर पाय मोडून घरी बसले आणि तो तास बाईंच्या गळ्यात पडला, तेव्हा कुठे त्या निरीक्षणाचा उपयोग झाला.

शनिवारी पाहुण्यांसमोर वर्गाने उद्देशिका म्हणायची होती. सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त पहिल्या बाकावरची चिमणी दर वेळी 'आपण' म्हणून सुरुवात करायची.

"आम्ही," बाई म्हणाल्या.

"आपण," चिमणी म्हणाली.

"अगं, छापलंय तसं म्हण."

"छापलेलं दिसत नाही, बाई." हे खरं होतं. "आणि आई-बाबा 'आम्ही जेवलो' म्हणतात तेव्हा मी उपाशी असते. 'आपण जेवू या' म्हणाले की मलाही ताट मिळतं."

"हिला घटनेतही ताटच दिसतं!" मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

बाई हसल्या नाहीत. प्रश्न रास्त होता, आणि वर्गात त्या प्रश्न टोलवत नसत. टोलवाटोलवी घरी चालू होती. दुसऱ्या गावच्या शाळेने त्यांना मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं आणि उत्तर उद्यापर्यंत हवं होतं.

"हे बघ," त्या सावकाश म्हणाल्या, "'आम्ही'त बोलणारा येतो. नुसता ऐकत बसतो, तो बाहेर राहतो. म्हणून तर हे प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. तू म्हटलंस की तू आत."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर तुझ्या वाटचंही दुसरेच जेवतात."

चिमणीने क्षणभर विचार केला. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "आम्ही!"

संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत होत्या. नवऱ्याचं डोकं फोनमध्ये होतं.

"त्या शाळेला नाही म्हणून कळवून टाक गं," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही ठरवलंय."

"हो, किती दिवस भिजत घोंगडं ठेवायचं?" नवरा म्हणाला. "आम्ही सगळ्या बाजूंनी विचार केलाय."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"कोण कोण काय? घरातले सगळे!"

घरात माणसं तीनच होती.

"जरा पाणी देतेस?" त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

बाईंनी पेला काठोकाठ भरला, थेंबही न सांडता त्याच्यासमोर ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"मी होकार कळवतेय," त्या म्हणाल्या. "मी जाणार आहे. कसं जमवायचं, ते आता आपण ठरवू."