एकेचाळीस मतं

"आई, रविवारी मतदानाला जायचं नाही. कळलं?" महापौर झेनॉन पेत्रुश्याक फोनवर तिसऱ्यांदा म्हणाले.

पलीकडून गेनोवेफाबाईंचा आवाज माझ्या खुर्चीपर्यंत आला. "तुला खुर्चीवरून ओढायला निघालेत मेले, आणि मी घरात बसू?"

"हो. घरातच बस."

"बरं बाबा."

"पटलं तिला," फोन ठेवून साहेब मला म्हणाले. सोळा वर्षं मी त्यांची भाषणं लिहितो. मी पुढचं पत्रक लिहायला घेतलं.

पहिल्या निवडणुकीत साहेबांनी ओल्शानेकच्या घराघरांत हिवाळ्यात ऊब पोचवायचं वचन दिलं आणि, हे जरा विचित्रच, पाळलंही. लोक उबेत बसून ते विसरले. यंदा मुलंच उरली नाहीत म्हणून त्यांनी एक शाळा बंद केली. मुलं आईबापांसकट जर्मनीत गेलेली. चौकात घोषणा द्यायला आजोबा मंडळी उरली होती. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि महापौरांना काढायचं की ठेवायचं यावर मतदान लागलं.

नियम साधा होता. चोपन्नशे माणसं मतदानाला आली नाहीत, तर सगळं रद्द. म्हणून आमचा प्रचार एकच: घरी राहा. साहेबांच्या कारकिर्दीतलं हे एकमेव आवाहन लोकांना मनापासून आवडेल, असं मला वाटलं होतं.

सोमवारी सकाळी आकडे आले. एकूण मतं पाच हजार चारशे बारा. काढा म्हणणारी पाच हजार तीनशे एकाहत्तर. ठेवा म्हणणारी एकेचाळीस.

"बारा," साहेब म्हणाले. "फक्त बारा जास्त. आणि हे एकेचाळीस गाढव कोण?"

मतदान केंद्रावरच्या बाईंनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, "चर्चमधलं जपमाळेचं मंडळ आलं होतं, साहेब. प्रार्थना आटोपून थेट. एकतीस जणी. पुढे आपल्या मातोश्री होत्या."

साहेबांनी कोट घातला. "चल," एवढंच म्हणाले.

गेनोवेफाबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या, सुजलेले पाय स्टुलावर टाकून.

"चालतच गेलो रे सगळ्या. यानिना तर काठी टेकत आली. म्हटलं, घरी बसून कुणी जिंकतं का? हा बाहेरच्यांसमोर लाजतो, म्हणून नको म्हणतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं ना याचं काम?"

मी साहेबांकडे पाहिलं.

"झालं, आई."

"आमच्यामुळे ना?"

"तुमच्यामुळेच."

"बघ! पुढच्या वेळी पन्नास आणते."

"आण."

साहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला. परातीत गरम पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं, कोपर बुडवून पाहिलं. मग फरशीवर गुडघे टेकून आईचा एक पाय हळूच पाण्यात सोडला.

"कामावर जायचं नाही का रे आज?" बाईंनी विचारलं.

ते दुसऱ्या पायाचा मोजा उतरवत होते.