निळ्या उजेडासाठी उचललेला चष्मा

फ्रान्समधल्या लिमोज शहरातील आमच्या प्रयोगशाळेत मी केसाएवढ्या काचतंतूत लेसर सोडून त्याचा सर्वरंगी पांढरा उजेड करीत असे. तीन वर्षे तो उजेड निळ्यापर्यंत पोहोचत नव्हता. त्या सकाळी मी तंतू तापवून, ओढून मध्यभागी आणखी बारीक केला होता.

कागदावर उजेड पडला; पण संरक्षक चष्म्यातून निळे दिसत नाही. मग आमच्याकडे सगळेच करतात तेच मी केले. चष्मा कपाळावर सरकवला.

निळा होता. शाईसारखा गडद. कागद जवळ घेताना किरण कागदाच्या पकडीच्या चकचकीत स्क्रूवर आदळून उलटला आणि उजव्या डोळ्यात काहीतरी टचकन झाले. दुखले मात्र नाही.

"काय सोलेन, आले का तुझे निळे पाहुणे?" पलीकडून तंत्रज्ञ फाबियाँने विचारले.

"आले. पण उरलेला लेसर अडवणारी गाळणी कुठाय?"

"सकाळी मोजमापाला तूच काढलीस की!"

त्याने वळून माझे कपाळ पाहिले आणि धावत येऊन लाल बटण दाबले. डोळ्यांना न दिसणारा तो लेसरही उजेडासोबत बाहेर येत होता, हे मला तेव्हा उमगले.

"अक्कल गहाण टाकलीस का गं?"

"तुम्हीही चष्मा काढताच की!"

माझ्या वहीतले चौकटींचे पान फाडून त्याने मधोमध ठिपका काढला. "उजवा झाक. दिसतोय?"

"दिसतोय."

"आता डावा झाक."

"ठिपका कुठे गेला?"

"तिथंच आहे, सोलेन."

मधल्या जागी राखाडी डाग होता आणि भोवतालच्या रेघा पाण्यात पडल्यासारख्या वाकल्या होत्या.

"जाईल ना हो हे?"

"ठाऊक नाही गं." तो खुर्चीत बसला. "माझ्या डाव्या डोळ्यात आहे तसाच एक. चौदा वर्षं झाली. लाजेनं कुणाला बोललो नाही. बोललो असतो, तर तू आज चष्मा उचलला नसतास."

त्याने सुरक्षा अधिकाऱ्याला फोन लावला. आधी स्वतःच्या डोळ्याचे सांगितले, मग माझ्या डोळ्याचे.

इस्पितळापर्यंत गाडी तोच चालवत होता. प्रत्येक सिग्नलला मी डावा डोळा झाकून त्या चौकटींच्या पानाकडे पाहत होते. ठिपका आला नाही.