खर्जातला आवाज

राजा मरणार असं नुसतं बोललं तरी फाशी, असा आमच्याकडे कायदा होता. वैद्यसुद्धा महाराजांना तब्येत सुधारतेय असंच सांगत. म्हणून त्या जानेवारीत राजवाड्यातल्या चॅपेलच्या प्रमुखांनी, आमच्या डीनसाहेबांनी, मला मृतांच्या प्रार्थनेच्या नव्या प्रती उतरवायला सांगितल्या तेव्हा कारण दिलं जुन्या राणीच्या पुण्यतिथीचं. पुण्यतिथी ऑक्टोबरात. मी मान डोलावली आणि लेखणीचं पीस तासायला घेतलं.

मी चॅपेलचा गायक, शिवाय प्रती उतरवणं माझ्याकडेच. आमच्या संगीतगुरूंनी वेळ वाचवायला एक चलाखी केली होती. राजाच्या दीर्घायुष्यासाठी आम्ही रोज जी प्रार्थना गायचो, तिचेच सूर त्यांनी मृतांच्या या प्रार्थनेला लावले होते. फक्त शब्द वेगळे. आठवडाभर मी तेच लिहीत होतो, आणि लिहिताना गुणगुणायची माझी खोड जुनी आहे.

शनिवारी ह्यू पेंडर मला भटारखान्यापाशी घेऊन गेला. पेंडर आमचा खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालचा आवाज, सव्वीस वर्षं माझा सोबती, आणि एकदा डोक्यात घेतलं की खेचरही हार मानेल असा हट्टी. वर तुताऱ्या वाजत होत्या, महाराजांचं ताट चाललं होतं.

"कालपासून चार ताटं गेली, चारही जशीच्या तशी परत आली," तो म्हणाला. "आपला राजा ताट परत धाडणाऱ्यांतला आहे का?"

"आजारी आहेत ते."

"आजारी माणूस निदान शिव्या तरी देतो. वरून एक तरी शिवी ऐकलीस?"

नव्हती ऐकली. पेंडर म्हणाला, मेलेल्यासाठी आयुष्य मागणं ही देवाची थट्टा आहे, राजा बिचारा तिकडे पापं जाळणाऱ्या आगीत उभा असेल, उद्या मी हे गाणार नाही. मी त्याच्या हातापाया पडलो. मांजराच्या गळ्यात घंटा तुलाच का बांधायचीय, असंही विचारलं. शेवटी तो एवढ्यावर आला की बोलणार काही नाही, फक्त गप्प उभा राहील.

पण तेच तर अवघड होतं. ती दीर्घायुष्याची प्रार्थना एकट्या खर्जाने सुरू करायची असते, बाकीचे नंतर त्यावर चढतात. आणि आमचा दुसरा खर्जवाला तापाने पडला होता.

रविवारी त्या प्रार्थनेची वेळ झाली. रिवाजाप्रमाणे आम्ही डीनसाहेबांकडे पाठ करून, वरच्या सज्जातल्या महाराजांच्या खिडकीकडे तोंड केलं. खिडकीचा पडदा ओढलेला होता. पेंडरने ओठ मिटले. मागे डीनसाहेबांची खुर्ची करकरली.

मला राहवलं नाही. माझा आवाज मधला, पण गरज पडली तर खाली उतरतो. पेंडरचा सूर मी लावला, खरा लावला, आणि तोंडातून शब्द आले ते आठवडाभर लिहिलेले: प्रभो, त्याला चिरशांती दे.

त्यावर कुणीच चढलं नाही.

"कोण गायलं?" डीनसाहेबांनी हळूच विचारलं.

मी बुटांकडे बघत राहिलो. आजही स्वतःची लाज वाटते ती त्या बुटांमुळे. पेंडरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो वळला.

"खर्ज माझाच असतो, साहेब."

पहारेकरी त्याला घेऊन निघाले. माझ्याजवळून जाताना तो पुटपुटला, "शब्द बरोबर होते, लेका."

सोमवारी राजा वारल्याचं जाहीर झालं. मला वाटलं, आता पेंडर सुटणार, तो खोटं कुठे बोलला होता? पण गुन्हा रविवारचा होता, आणि रविवारी राजा कागदोपत्री जिवंत होता. गुरुवारी सकाळी त्याला फाशी दिलं.

त्याच दुपारी राजासाठी प्रार्थना होती. माझ्या हातच्या प्रती सगळ्यांना वाटल्या. डीनसाहेब माझ्यापाशी थांबले, माझ्या हातातली प्रत काढून घेतली आणि पेंडरची, खर्जाची दिली.

"तू खालचा सूर बरा लावतोस," ते म्हणाले. "रविवारी ऐकला मी."

मग ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले, आणि सगळे माझी वाट बघू लागले.