वाटून घेतलेल्या गोळ्या

आमची ही तिकीटखिडकीवर बसायची. लघवीला जाऊन आली की लगेच पुन्हा जायचं, आणि दर वेळी आतून चटके बसल्यासारखी आग. खिडकीवरची बाई सारखी उठली की रांग शिव्या घालते. शेवटी तिने नोकरी सोडली. तपासण्यांत काहीच सापडेना. एका शहाण्याने तर "मनाला लावून घेऊ नका" असा सल्ला दिला. त्यालाच एकदा भोगायला लावायला हवं होतं.

मग एका नव्या औषधाच्या अभ्यासात तिचा नंबर लागला. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, "निम्म्या जणींना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय, हे मलाही कळणार नाही."

दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून बसून अभ्यासातल्या या बायकांचं गूळपीठ जमलं. त्यांच्यातली वयाने मोठी, तिला सगळ्या ताई म्हणत. ती म्हणाली, "एकीने बरं व्हायचं आणि दुसरीने तडफडायचं, हे मला नाही पटत." झालं! गोळ्या हातात पडल्या की सगळ्या बाटल्या एका पिशवीत ओतायच्या, ढवळायच्या आणि सारख्या वाटून घ्यायच्या. हिने घरी सांगितलं तेव्हा मला तर कौतुकच वाटलं.

गुणही आला. आग निम्म्याने उतरली. ही अख्खं जेवण एका जागी बसून जेवायला लागली, आणि मी येड्यासारखा खूश होऊन घरभर हिंडायचो.

अभ्यास संपल्यावर डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बोलावलं, हिच्याबरोबर मीही गेलो. चेहरा उतरलेला. "दोन्ही गटांत सारखाच फरक दिसतोय. म्हणजे औषधात दम नाही. कंपनीने ते बंद केलंय."

बायका एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. हीच धीर करून म्हणाली, "बाई, आम्ही गोळ्या मिसळून घेत होतो."

"किती जणी?"

"सगळ्याच."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मग पुन्हा करा की अभ्यास," मी म्हणालो.

"मी विचारीन. पण आता त्यावर कोण पैसा घालणार? आशा लावून बसू नका."

गोळ्या संपल्या तशी आग पूर्वीसारखी पेटली. दुसरं औषध नाही. काय करावं, मला खरंच सुचत नाही.

आज सकाळी ही बाथरूममध्ये तोंडात टॉवेल कोंबून रडत होती आणि मी दाराबाहेर खांबासारखा उभा होतो. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, ताई असेल," ती आतून म्हणाली. "मी बरी आहे म्हणून सांगा."