मेंदूपट्टा

"काल संध्याकाळी कोण आलं होतं, आजोबा?" मेंदूमहाराजांनी अगदी हळू विचारलं. आजोबा नुसतेच हसले. महाराजांनी त्यांच्या डोक्याभोवती, कानांवरून, मखमली पट्टा बांधला आणि तोच प्रश्न तितक्याच हळू विचारला.

"जावई. चहा पिऊन लगेच सटकला."

हॉलभर टाळ्या पडल्या.

"झोपलेल्या पेशी जाग्या झाल्या! आता गोळ्या बंद, फिरणं बंद, गप्पा बंद. मेंदूची शक्ती पायांतून आणि तोंडातून गळते." महाराजांचं स्वतःचं तोंड मात्र क्षणभर बंद नव्हतं.

मागच्या रांगेत एका घरची धाकटी लेक धुमसत होती. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची, आणि तिचे बाबा, जन्मभर कारखान्यात पत्रे ठोकलेले, पुढच्या रांगेत पट्टा बांधून बसले होते. पट्टा आल्यापासून त्यांनी रक्तदाबाची गोळी सोडली होती, सकाळचं फिरणंही. कालच जिन्यात त्यांना भोवळ आली होती. समजावून समजावून तिचा घसा कोरडा पडला, पण बाबांचं पालुपद एकच, "पट्ट्यानं मला आठवायला लागलंय." आणि ते खरोखरच पटापट उत्तरं देत होते, याचाच तिला जास्त संताप येत होता.

शेवटी ती त्यांना घरी न्यायला पुढे गेली. पट्टा सोडवताना तिचा तळवा त्यांच्या कानावर आला आणि 'कुईं' अशी बारीक शिट्टी वाजली. ही शिट्टी ती कामावर रोज ऐकायची.

"जाग्या पेशींचा नाद!" महाराज हात जोडून म्हणाले.

धाकटीनं पट्टा टेबलावर ठेवून त्यावर ओंजळ धरली. कुईं.

"टेबलाच्याही पेशी जाग्या झाल्या का?"

पर्समधल्या कात्रीनं तिनं शिवण उसवली. आतून बारका माइक, बटणाएवढा सेल आणि कानापाशी बसवलेला स्पीकर निघाला. महाराज आपली पिशवी शोधू लागले.

"हे साधं कानाचं यंत्र आहे. हात जवळ धरला की शिट्टी वाजते. याच्यानं आवाज मोठा होतो, बाकी काही नाही. हे लोक विसरले नव्हते, यांना प्रश्नच ऐकू येत नव्हता," ती हॉलभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

"पण फायदा तर झाला ना?" मागून कुणीतरी विचारलं. तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"कानांना झाला. आणि गोळ्या सोडल्या, चालणं सोडलं, त्याचं काय? मेंदू जपायचाय ना? मग कान तपासा, रक्तदाब सांभाळा, चाला, चारचौघांत बसून बोला. यातलं काहीही डोक्याला बांधून मिळत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्यांआधी आत काय आहे ते बघा."

बाबा उसवलेल्या पट्ट्याकडे बघत होते. "कान तपासून घ्या, असं तू आधी का नाही सांगितलंस?"

"कितीदा सांगितलं, बाबा," ती हळूच म्हणाली.

"आं?"

तिचे डोळे भरून आले. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि सगळा जोर लावून ओरडली, "कितीदा सांगितलं!"

"ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" बाबा पुटपुटले, आणि गोळीसाठी त्यांनी हात पुढे केला.