प्रश्न क्रमांक तीन

कॉलेजच्या फाटकासमोर अठरा वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवलं, तेव्हा कुठे मावशींनी ते फाटक ओलांडलं. पोरांच्या नोट्स यंत्रातून काढता काढता वाचायची खोड लागली होती. राज्यशास्त्राच्या तर अर्ध्याअधिक पाठच झाल्या होत्या. शेवटी त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी बी.ए.ला नाव घातलं. सकाळी नवरा दुकान बघायचा, दुपारनंतर त्या. वर्गातली मुलं त्यांना मावशीच म्हणत, आणि वयाने दहा वर्षांनी लहान असलेल्या राज्यशास्त्राच्या मॅडमही तेच म्हणू लागल्या.

दुसऱ्या वर्षाला दर गुरुवारी सेमिनार असे. बाकं गोल मांडून बारा जण बसायचे, आणि मॅडम गप्प बसून सगळ्यांना बोलायला लावायच्या. त्या गुरुवारी विषय होता, सरकारला जाब विचारायचा तर कसा. एक मुलगा उठला आणि घडाघडा बोलू लागला. त्याच्याआधी मावशींचे ओठ हलत होते. मॅडमच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"मावशी, पुढचं वाक्य तुम्हाला माहीत आहे वाटतं?"

"दहा वर्षं हीच पानं काढतेय मी, मॅडम. पुढच्या पानाच्या कोपऱ्यात चहाचा डागसुद्धा आहे."

सगळे फिस्सकन हसले. तो मुलगाही हसला आणि कान पकडून खाली बसला.

"मग त्या पानांत नाही ते सांगा," मॅडम म्हणाल्या.

मावशींना घाम फुटला. पण तोंड उघडलं आणि शब्द आपोआप येत गेले. शिष्यवृत्तीच्या अर्जाला प्रत्येक दाखल्याच्या तीन प्रती जोडाव्या लागतात. तेच दाखले मुलांनी शिष्यवृत्ती खात्याच्या संगणकावर आधीच चढवलेले असतात. तरी कार्यालय 'प्रत अस्पष्ट' असा शिक्का मारून अर्ज परत पाठवतं. "गेल्या वर्षी एक मुलगी तीनदा परत आली. मी यंत्राची काच तीनदा पुसली. चौथ्या वेळी मुदतच संपली. दोष काचेचा नव्हता हो."

मग मॅडम सावकाश म्हणाल्या, "हे इथे विचारून काय उपयोग? जिथे उत्तर द्यावंच लागतं तिथे विचारा."

कॉलेजातून दर वर्षी एका विद्यार्थ्याला चार आठवडे एखाद्या आमदाराच्या कार्यालयात इंटर्नशिपला पाठवत. मॅडमनी त्या वर्षी मावशींचं नाव पाठवलं.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याचा हात कपाळाला गेला. "अगं, त्या तीन प्रतींवर आपलं दुकान चाललंय. स्वतःच्याच पोटावर पाय मारून घेणार?"

"मारून बघते. लागलं तर चोळू."

तो हसला आणि दुसऱ्या दिवशी न सांगता त्याने तिचे बूट पॉलिश करून ठेवले.

आमदार बाईंचं कार्यालय विधानभवनाच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन टेबलं, छताला टेकलेली कपाटं, आणि गळ्यात दोरीला चष्मा लटकवलेले एक बारकेसे गृहस्थ. त्यांना सगळे चिटणीस म्हणत. मावशींनी रात्रभर जागून दोन पानं लिहिली होती. चिटणिसांनी ती वाचली आणि टेबलावरून परत सरकवली.

"बाई, हा प्रश्न नाही, हे गाऱ्हाणं आहे. प्रश्नात रडायचं नाही, आरोप करायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. एकच गोष्ट विचारायची, तीही दीडशे शब्दांत."

मावशींचा चेहरा उतरला, पण जिद्द उतरली नाही. एक विशेषण काढलं की दुसरं हळूच डोकं वर काढायचं, तेही काढलं. नवव्या खर्ड्याला चिटणिसांनी नुसतं 'हं' म्हटलं. आमदार बाई घाईत होत्या. त्यांनी दारात उभ्या उभ्याच कागद वाचला.

"कोणी लिहिलाय?"

"ह्या नवीन बाईंनी," चिटणीस म्हणाले.

"दाखल करा. उत्तरावर विचारायचे पुरवणी प्रश्नही त्यांनाच लिहू दे."

शेकडो प्रश्नांतून चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. त्यात हा तिसरा आला. मावशींचे पाय जमिनीवर टेकेनात. "हुरळून जाऊ नका," चिटणीस म्हणाले. "प्रश्नांना एकच तास. अकरा ते बारा. पहिल्या दोघांनी खाल्ला तर आपला गेला."

प्रश्नाच्या दिवशी मोबाइल विधानभवनाच्या फाटकावर जमा करून मावशी प्रेक्षक गॅलरीत पहिल्या रांगेत बसल्या. रखवालदाराने बजावलं, "टाळ्या नाहीत, बोलणं नाही, कठड्यावर वाकायचं नाही."

पहिला प्रश्न एका पुलाचा होता. पूल राहिला बाजूला, सदस्य एकमेकांची उणीदुणी काढत बसले. अकरा एकतीस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या खात्याचे मंत्री असं सावकाश वाचू लागले, जणू अक्षरं नुकतीच शिकलेत. अकरा पन्नास. अकरा त्रेपन्न. 'आटपा हो, बाबा!' हे त्या मोठ्याने म्हणाल्या की मनात, हे त्यांनाच कळलं नाही. रखवालदाराने मात्र वळून पाहिलं.

"प्रश्न क्रमांक तीन," अध्यक्ष म्हणाले.

आमदार बाई उठल्या. मावशींचे शब्द, एकही इकडचा तिकडे नाही, त्या प्रचंड दालनात घुमले: शिष्यवृत्तीचे अर्ज 'प्रत अस्पष्ट' या कारणाने नामंजूर होतात हे खरे आहे काय, असल्यास गेल्या वर्षी असे किती? तळहात इतके गार पडले होते की मावशींनी ते मांड्यांखाली दाबून धरले.

"हे अंशतः खरे आहे," शिष्यवृत्ती खात्याचे मंत्री म्हणाले. "गेल्या वर्षी नऊ हजार चारशे अर्ज नामंजूर झाले. पैकी सहा हजार शंभर 'प्रत अस्पष्ट' या कारणाने."

सभागृहात कुजबुज उठली. सहा हजार! मावशींना वाटलं होतं, फार तर पाचशे असतील.

"हीच कागदपत्रं खात्याच्या संगणकावर स्पष्ट दिसतात का?" आमदार बाईंनी विचारलेला हा पुरवणी प्रश्नही मावशींचाच.

मंत्र्यांनी मागे पाहिलं. अधिकाऱ्यांच्या बाकावरून एक चिठ्ठी आली. ती वाचून त्यांनी घसा खाकरला. "दिसतात."

दोन्ही बाजूंचे बाक खो खो हसले.

"मग तीन प्रती कशाला?" हा दुसरा पुरवणी.

मंत्री पेला उचलून पाणी प्यायले. "अट जुनी आहे. कोणी विचारलं नव्हतं. ह्या वर्षीपासून काढून टाकतो."

बाराची घंटा झाली. मावशी उभ्याच राहिल्या होत्या. रखवालदाराने बसायची खूण केली, पण तोही गालातल्या गालात हसत होता. टाळ्या वाजवता येत नव्हत्या म्हणून त्यांनी रुमाल दातांत धरला.

फाटकावर फोन हातात आला तर नवऱ्याचे अकरा कॉल. त्यांनी लावला तोच पलीकडून आरडाओरडा.

"अगं, मी दुकानात प्रक्षेपण लावलं होतं! सगळा तुझा वर्ग इथे! पोरांनी टाळ्यांनी दुकान डोक्यावर घेतलंय!"

"अहो, तीन प्रती गेल्या बरं का आपल्या."

"जाऊ दे गं! मंत्र्याला पाणी पाजलंस तू!"

"मी नाही. आमदार बाईंनी."

"शब्द कोणाचे होते?"

मावशींनी नुसतं "ठेवते" म्हटलं, आणि तरी बराच वेळ फोन कानालाच धरून उभ्या राहिल्या.

पुढे तीन आठवड्यांनी आदेश निघाला. दुकानातली गर्दी थोडी ओसरली, तेव्हा नवऱ्याने पुस्तकं बांधायचं काम धरलं. नामंजूर झालेल्या जुन्या अर्जांचं काय, यावर मात्र खातं अजून 'विचाराधीन' म्हणतं, आणि आमदार बाई दर अधिवेशनात ते विचारतात.

पण त्या दिवशी संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मावशी तिसऱ्या मजल्यावर आपली पिशवी घ्यायला गेल्या, तेव्हा चिटणीस एकटेच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दुसरा पुरवणी बरा होता," ते म्हणाले. हा माणूस कशाला तरी बरं म्हणतोय, हे मावशी पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग चिटणिसांनी विटेएवढा जाड अहवाल पुढे ढकलला. "उद्या पाणीपुरवठा. वाचून या."

बसमध्ये जागा भरपूर होती, पण मावशींना बसवेना. एका हाताने दांडी धरून, उभ्या उभ्याच त्यांनी पहिलं पान उघडलं.