अर्धा आटा जास्त

फरशीवाल्याने हाकलून दिलं तेव्हाच तिचं डोकं फिरलं होतं. गोदामातल्या पांढऱ्या शुभ्र फरशीवर तिच्या ट्रकखाली बशीएवढा काळा डाग पडला, आणि तो शहाणा हमालांसमोर म्हणाला, "बाई, गाडी रस्त्यावरच उभी करत जा. पुढच्या खेपेला थेंब जरी सांडला, तर मी दुसरी गाडी बघेन."

ती एक शब्द उलट बोलली नाही. तिला ओळखणाऱ्या कुणाचा यावर विश्वास बसणार नाही, पण खरंच बोलली नाही. बोलायचं ते सगळं तिने धाकट्यासाठी राखून ठेवलं होतं.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. ट्रक बापाचा, जुना, नाकाड्या इंजिनाचा. बाप त्याला हत्तीण म्हणायचा. बाप गेल्यावर तिने स्टिअरिंग धरलं आणि धाकट्याने पाना. दोघांचं बरं चाललं होतं. मग इंजिनाखालचा तेलाचा चेंबर गळायला लागला, धाकट्याने त्याचं पॅकिंग बदललं, आणि थोड्याच दिवसांत गळती पुन्हा सुरू! झालं, तिची जीभ सुटली. घरात नाही हो, ट्रकच्या अड्ड्यावर, सगळ्या ड्रायव्हरांसमोर. "याच्या हातात पाना देण्यापेक्षा चमचा द्या, निदान चहा तरी ढवळेल!" अड्डा पोट धरून हसला.

धाकट्याने हातातला पाना जमिनीवर ठेवला. आपटलासुद्धा नाही. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे, तिथे नोकरी धरली आणि वरच्या खोलीत राहायला गेला. ती फेरीवर असली की येऊन आईजवळ बसायचा. तिच्याशी रस्त्यात गाठ पडलीच तर "मालकीणबाई" म्हणून बाजूला व्हायचा. हत्तीण गळतच होती.

आज तिने गाडी मागच्या अंगणात घेतली, पुढची चाकं ठोकळ्यांवर चढवली आणि बाह्या सारल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई म्हणाली, "आजच कशाला काढतेस? थोडंसं तर गळतंय."

"तू यात पडू नकोस. लेकाची बाजू घ्यायचीय ना? आत बसून घे."

तेल बादलीत काढलं आणि ती पाठीवर सरकत गाडीखाली गेली. चेंबरचा पहिला बोल्ट सुटेचना. तिने पान्याला लोंबकळून जोर लावला तेव्हा तो किंचाळत हलला. "मेल्याने जीव काढून आवळलाय," ती दात खात म्हणाली. दुसराही तसाच. तिसऱ्याला तिची बोटं सोलली. प्रत्येक बोल्टागणिक तिने धाकट्याला एकेक नवी पदवी दिली. शेवटी तिच्याकडच्या शिव्या संपल्या, बोल्ट संपेनात.

चेंबर खाली उतरला. उरलंसुरलं तेल तिच्या बाहीत शिरलं. आता धाकट्याची घाण दिसणार म्हणून तिने बॅटरी मारली.

घाण कुठेच नव्हती. इंजिनाचा तळ खरवडून लख्ख केलेला. पॅकिंग चांगल्या कॉर्कचं, अखंड. काम थेट बापाच्या हातचं वाटावं असं. फक्त प्रत्येक बोल्टापाशी कॉर्क चिरडून बाहेर आला होता, आणि चेंबरच्या काठाचा पत्रा भोकाभोकाशी फुगला होता. म्हणजे बोल्टापाशी घट्ट आणि मधे फट. ही गळती बोल्ट आवळून थांबत नाही. आवळाल तेवढी वाढते. बापाने दोघांनाही हेच घोकून घेतलं होतं: कॉर्क आवळायचा नसतो, बसवायचा असतो.

बोल्टांची डोकी झिजून गोल झाली होती, आणि तिच्या आजच्या पान्याचे सोडूनही त्यांवर कितीतरी ओरखडे होते, अजून गंजही न चढलेले. धाकट्याने किती महिन्यांत या गाडीला हात लावला नव्हता. तिने तर आजपर्यंत नाहीच.

ती बाहेर आली. आई दारात उभी होती.

"आई, या गाडीखाली कोण जातं?"

आई चौकटीकडे बघत म्हणाली, "मी."

"तू?"

"तुझ्या प्रत्येक फेरीआधी. तू आंघोळीला गेलीस की. तुझे बाबा जायचे ना, तशी. मला खिडकीतून त्यांचे पाय दिसायचे आणि पान्याचा आवाज यायचा. ते झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. आणि गेलेली गाडी दर वेळी घरी आली."

"अगं, ते नुसते तपासायचे! ढिला झालाय का एवढंच बघायचे!"

"ते मला काय माहीत? दिसायचे नुसते पाय. मी आपली एकेक बोल्ट फिरवून अर्धा आटा घट्ट करायची. गळायला लागल्यावर जास्त केला."

तिचा पारा चढला. "आणि मी त्याला अड्ड्यावर सोलून काढला, तो घर सोडून गेला, तेव्हा? तेव्हा का मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"सांगितलं असतं तर पाना काढून घेतला असतास," आईचाही आवाज चढला. "तू तिकडे रस्त्यावर, मी इकडे काय करू? खिडकी पुसत बसू? आणि माझ्यावर काय ओरडतेस? चेंबर उघडून बघितलास तू? त्याला विचारलंस? तू आधी बोललीस. विचारायचं राहूनच गेलं."

हे खरं होतं, म्हणून तिला आणखीच राग आला. तिने चेंबर काखोटीला मारला आणि तरातरा गॅरेजकडे निघाली. मागून आई, जवळजवळ पळत.

गॅरेजात अड्ड्यावरचेच दोघं-तिघं ड्रायव्हर बसले होते. चांगलंच झालं. तिने चेंबर धाकट्यासमोरच्या टेबलावर आदळला. "तुझं काम बरोबर होतं."

"ऐकू नाही आलं," धाकटा मान वर न करता म्हणाला. "अड्ड्यावर आवाज बराच मोठा होता तुमचा, मालकीणबाई."

"तुझं काम बरोबर होतं!" ती एवढ्याने ओरडली की समोरच्या दुकानातून माणसं डोकावली. "मी न बघता बोलले. चुकले!"

धाकट्याने काठावरून अंगठा फिरवला. भोकांपाशी थांबत गेला. "कोणी आवळलं?"

तिने तोंड उघडलं. काय सांगणार होती ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पण आई पुढे झाली. "मी आवळलं. हिला नाही सांगितलं. तुलाही नाही."

धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला. "मी तुझ्याजवळ येऊन रडलोय आई. तू माझ्या पाठीवरून हात फिरवायचीस."

आईने मान खाली घातली. धाकट्याने लोखंडी ठोकळा ओढला, काठ त्यावर टेकवला आणि एकेक भोक हातोडीने सपाट करायला लागला. असे घाव घातले की टेबलावरची हत्यारं उडायला लागली. मग फळीवरून नवं पॅकिंग काढलं, चेंबर उचलला आणि कुणाकडे न बघता घराकडे चालू लागला.

अंगणात त्याने गाडीखाली पोतं अंथरलं. ती पुढे झाली तसा तो म्हणाला, "तुम्ही नाही. आई, चल आत."

आई खरंच गाडीखाली गेली. या वयात, साडी सावरत. ती एकटी बाहेर उभी राहिली. तिला नुसते पाय दिसत होते, दोन आईचे, दोन धाकट्याचे, आणि आतून आवाज येत होता.

"दोन बोटांनी धर. फिरव. थांब! आता पुढे नाही."

"एवढ्याने होतं?"

"एवढ्यानेच होतं."

"बाबा एवढंच करायचे?"

"एवढंच करायचे, आई."

मग पान्याचा आवाज थांबला, आणि आईने नाक ओढलेलं ऐकू आलं. बाहेर तिला दोघांचा राग येत होता. आईचा, ती गप्प राहिली म्हणून. धाकट्याचा, तो तेव्हा भांडला का नाही म्हणून. आणि स्वतःच्या जिभेचा तर एवढा, की ती चावून गिळावीशी वाटत होती. ढिला बोल्ट आवळता येतो. जास्त आवळलेल्याला पत्रा ठोकावा लागतो, आणि तोही पहिल्यासारखा होतोच असं नाही.

तेवढ्यात गाडीखालून एक काळाकुट्ट हात बाहेर आला.

"ताई, फडकं दे," धाकटा म्हणाला. "चमचा नको."

"घे, मेल्या," ती म्हणाली, आणि फडकं त्याच्या हातात ठेवायला खाली वाकली.